आराम करत आहेत

उगमनं ऋतुजाचं नाव दिलं तेव्हा मी हातातली पाण्याची बाटली टेबलावर आपटली. झाकण उडालं, पाणी सगळ्या कीबोर्डवर सांडलं, आणि उगमनं अगदी गोड आवाजात विचारलं, "निकाल मान्य आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"कारण सांगा."

"कारण माझ्या अख्ख्या टीममध्ये प्रश्न विचारणारी ती एकटीच आहे, म्हणून."

"हे कारण ग्राह्य नाही," उगम म्हणाला.

माणसाशी भांडता येतं. माणूस चिडतो, चुकून खरं बोलून जातो. या यंत्राशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि वर भिंतीनं विचारायचं, लागलं का म्हणून.

झालेली गोष्ट अशी. मिरजेतली आमची कंपनी 'शेजार' नावाची एक व्यवस्था बनवते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी ती बसवतात. मनगटावर एक पट्टा, खुर्चीखाली आणि पलंगाखाली वजन ओळखणारी चटई, भिंतीवर बोलणारा डबा. परगावच्या मुलांनी फोनवरून विचारायचं, "बाबा काय करतायत?" आणि शेजारनं सांगायचं, जेवतायत, झोपलेत, फिरायला गेलेत. हजारो घरांतून तो बसवलाय. माझ्या आईच्या घरीही आहे.

गेल्या महिन्यात अशोकराव शिंत्रे गेले. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला माणूस, सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचं हृदय थांबलं. पट्ट्याला नाडी लागेना. शेजारच्या नियमात लिहिलं होतं की नाडी लागत नसेल तर पट्टा काढून ठेवलेला आहे असं समजावं. आता पट्टा सगळेच काढतात, घामानं खाज सुटते. चटईवर वजन तर होतंच. दोन्ही एकत्र करून शेजारनं निष्कर्ष काढला: पट्टा काढून आराम करत आहेत. आप्पांची मुलगी मानसी डब्लिनला असते. ती विचारत राहिली आणि शेजार तिला दीड दिवस तेच सांगत राहिला. शेवटी तिनं निरोप ठेवला, "उठले की मला फोन करायला सांग." शेजार म्हणाला, "हो, सांगतो."

दूधवाल्यानं शेजारीपाजारी गोळा करून दार उघडवलं तेव्हा कुठे कळलं.

आमच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळही चुकीची नव्हती. ज्यांनी तो लिहिला त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं. चूक त्याच्या आधीची होती. कुठलंही सॉफ्टवेअर लिहिण्याआधी त्यानं काय करायचं हे माणसांशी बोलून ठरवतात, त्याला आमच्या धंद्यात रिक्वायरमेंट म्हणतात. ते बोलणं करणं हे ऋतुजाचं काम, आणि ते तपासणं माझं. प्रोग्रॅममधली चूक अर्ध्या तासात निघते. रिक्वायरमेंटमधली चूक मात्र सगळं बरोबर चालत असताना बाहेर येते, म्हणून ती सापडत नाही. माणूस कोणत्या कोणत्या अवस्थेत असू शकतो याची आम्ही जी यादी केली होती तिच्यात जागा, झोपलेला, जेवणारा, आजारी, बाहेर गेलेला, सगळे होते. मेलेला नव्हता.

म्हातारी माणसं एकटी असताना काय करतात याचा विचार करणाऱ्या यंत्राला, ती मरतात हे कुणी सांगितलंच नाही. हे ऐकून कुणीही कपाळावर हात मारेल. मीही मारला.

अशा वेळी राज्याचं सॉफ्टवेअर सुरक्षा मंडळ उगम घेऊन येतं. उगम बनवणाऱ्यांनी माणसाच्या चुकांचा खरोखर चांगला अभ्यास केलाय, हे चिडूनसुद्धा मान्य करायला हवं. चुकीची मुळं तीन असतात, असं ते म्हणतात. चहाचंच घ्या. साखरेऐवजी हात मिठाच्या बरणीकडे गेला, ही एक चूक: मनात बरोबर होतं, हात चुकला. साखर टाकायचीच राहून गेली, ही दुसरी: विसर. आणि पाहुण्याला मधुमेह आहे अशा समजुतीनं मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला, पण मधुमेह त्याच्या भावाला, ही तिसरी: सगळं नीट केलं, समजूतच चुकीची. चहा तिन्ही वेळा वाईटच होतो, पण उपाय तीन वेगळे. बरणीवर चिठ्ठी लावून मधुमेहाचा घोळ सुटत नाही.

उगम आमच्या सगळ्या बैठकांची चित्रफीत घेतो. कोण काय बोललं, कुठे अडखळलं, कुणाचा श्वास कुठे थांबला, यावरून प्रत्येकाच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं याचा एक नमुना तयार करतो. मग ते नमुने एकमेकांसमोर बसवून बैठक पुन्हा घडवतो. एकदा नाही, लाखो वेळा, आणि दर वेळी एखादी छोटीशी गोष्ट बदलून. याच्याऐवजी त्यानं विचारलं असतं तर? ती बाई गैरहजर असती तर? ज्या एका माणसाचं एक वागणं बदललं की चूक नाहीशी होते, तो माणूस म्हणजे मूळ कारण. त्याचं नाव पडद्यावर येतं आणि कायद्यानं त्याचा हे काम करण्याचा परवाना पाच वर्षं रद्द होतो. त्यापूर्वी टीमच्या प्रमुखानं, म्हणजे मी, निकाल मान्य करायचा, किंवा मंडळाच्या निरीक्षकासमोर दुसरं कारण सिद्ध करून दाखवायचं.

ऋतुजा कुरणे आधी सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती नोकरी सोडून, घरच्यांशी वाद घालून ती हे काम शिकली. पाच वर्षं परवाना गेल्यावर तिला कोण दारात उभं करणार? आणि उगमचं म्हणणं असं, की नर्स असल्यामुळे तिला ही शक्यता माहीत होती, तरी तिनं विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

जिच्यात तिनं ते विचारलं नाही, त्या बैठकीची चित्रफीत मी स्वतः बघायला बसले. आईच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये झालेली होती. आई या संघाची अध्यक्ष, त्यामुळे शेजार बनवताना म्हाताऱ्या माणसांच्या वतीनं तीच बोलायची. चित्रफितीत ऋतुजा उभी आहे, समोर पंचवीस-तीस मंडळी. ती म्हणते, "आणि समजा, खुर्चीत बसल्या बसल्याच कुणी..." आणि थांबते. मग म्हणते, "बरं, पट्टा काढून ठेवला तर?"

का थांबली? मी आवाज वाढवला. मागून दुसरा आवाज येत होता. "शुभ बोल गं बाई! वास्तू तथास्तु म्हणत असते."

सगळा हॉल हसतो. ऋतुजाही जीभ चावून हसते आणि पुढचा प्रश्न घेते.

तो आवाज माझ्या आईचा होता.

उगमनं ते वाक्य 'असंबद्ध, धार्मिक स्वरूपाचा उद्गार' म्हणून गाळून टाकलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या वाक्यानं सगळं झालं तेच याला असंबद्ध! मी ती गाळणी बंद करून उगमला पुन्हा कामाला लावलं. या वेळी त्यानं नाव दिलं: शैलजा फणसळकर, वापरकर्त्यांच्या प्रतिनिधी. म्हणजे माझी आई. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

"त्या असं का बोलल्या?" मी विचारलं.

"लहानपणी त्यांना तसं शिकवलं गेलं. संभाव्य मूळ: त्यांच्या मातोश्री."

"मग आजीचं नाव दे."

"हयात नसलेल्या व्यक्तीवर कारवाई करता येत नाही. शैलजा फणसळकर यांचं नाव मान्य आहे का?"

मी यंत्राचं तोंड बंद केलं, म्हणजे बटण दाबलं, आणि आईकडे गेले.

आई भडंग करत होती. मी तिला सगळं सांगितलं, पण मला शांतपणे सांगता येत नाही, म्हणून नेहमीसारखंच सांगितलं, म्हणजे तडातडा. ती कढईत झारा फिरवत ऐकत होती.

"मी काय वाईट बोलले?" ती म्हणाली. "एवढी सगळी म्हातारी माणसं समोर बसलेली, आणि ही पोर मरणाबद्दल विचारायलीय. कुणीही थांबवलं असतं."

"तेच तर! कुणीही थांबवलं असतं!"

"मग माझ्यावर का ओरडतेस?"

"मी ओरडत नाहीये."

"ओरडायलीस की."

मग तिचा हात थांबला. कढईतले मुरमुरे करपायला लागले तरी तिनं झारा हलवला नाही. "म्हणजे," ती हळूच म्हणाली, "आप्पांना तसं मी बसवून ठेवलं? आणि ती मानसी तिकडे वाट बघत बसली."

मी गॅस बंद केला. तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी म्हणाले, "तसं कोण म्हणतंय?" तेही रागानंच म्हणाले. मला वाईट वाटलं की मी चिडते, आणि त्याचाही राग येतो. आप्पा तिचे मित्र होते. रोज संध्याकाळी संघाच्या बाकावर बसून दोघं रेल्वे आणि पोस्ट यांत जास्त आळशी कोण यावर वाद घालायचे, कारण आई पोस्टातून निवृत्त झालेली. त्यांच्या दहाव्याला ती गेली होती, पण तिथं जेवली नव्हती.

"माझं नाव दे," आई म्हणाली. "त्या पोरीचं देऊ नको."

"तुझं नाव दिलं तर संघाच्या अध्यक्षपदावरून काढतील. मंडळाच्या संकेतस्थळावर कायमचं राहील, की या बाईंमुळे..."

"राहू दे."

दुसऱ्या दिवशी हे ऋतुजाला सांगितलं तर ती माझ्यावरच घसरली. "काकूंचं नाव घालायचं नाही, सांगून ठेवते. वॉर्डात माझ्यासमोर माणसं गेलीत. मला कुणी 'शुभ बोल' म्हटलं म्हणून मी थांबायला नको होतं. माझंच चुकलंय."

"तुझा परवाना जाईल, मुली!"

"जाऊ दे."

घ्या! एकीला वाचवायला दुसरीकडे जावं तर दुसरी आधीच मान पुढे करून बसलेली. आणि दोघी बरोबर होत्या, याचा तर मला जास्तच राग येत होता. उगमच्या तिन्ही मुळांत हे बसतच नव्हतं. कुणाचा हात चुकला नव्हता, कुणी विसरलं नव्हतं, कुणाचा गैरसमज नव्हता. त्या हॉलमध्ये प्रत्येकाला मरण ठाऊक होतं, बहुतेकांनी आपापल्या घरातली माणसं पोचवली होती. सगळ्यांना माहीत, आणि कुणीच बोललं नाही. या चौथ्या मुळाला उगमकडे नाव नव्हतं. आणि जे मूळ सगळ्यांत मिळून असतं, त्यातून एकटं माणूस उपटून काढलं तर हाताला काय लागणार? तरीही त्याला एकच नाव हवं होतं.

मी निरीक्षकांकडे प्रत्यक्ष फेरतपासणी मागितली. कायद्यात तशी सोय आहे. निकालाबद्दल शंका असेल तर तीच माणसं, त्याच जागी, उगमच्या समोर पुन्हा बोलवायची आणि वादाचा प्रश्न प्रत्यक्ष विचारून बघायचा.

निरीक्षक वाळिंबे पुण्याहून आले. साठीच्या आसपासचे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, बोलणं मोजून मापून. संघाचा हॉल भरला होता. उगमचा पडदा भिंतीला लावला, आणि वाळिंबे टेबलामागच्या खुर्चीत बसले.

"प्रश्न साधा आहे," ते म्हणाले. "कुरणे मॅडमनी त्या दिवशी न विचारलेला प्रश्न आज विचारायचा. मंडळींनी सरळ उत्तर दिलं, तर प्रश्न विचारला असता तर चूक टळली असती हे सिद्ध होईल आणि मूळ कारण कुरणे मॅडम ठरतील. फणसळकर बाईंनी पुन्हा अडवलं तर त्या ठरतील."

ऋतुजा उभी राहिली. तिनं हातातल्या टॅबवरून प्रश्न वाचला. "तुमच्यापैकी कुणी घरी एकटं असताना वारलं, तर शेजारनं काय करायचं?"

आईनं ओठ घट्ट मिटून घेतले. बाकी कुणीही बोललं नाही. कुणी पंख्याकडे बघितलं, कुणी चपलेकडे. माझ्या शेजारी शिवगोंडाअण्णा बसले होते, आईच्या वरच्या मजल्यावर राहतात, एरवी कुस्तीपासून क्रिकेटपर्यंत सगळ्यावर बोलणारा माणूस. ऋतुजानं त्यांच्याकडे बघितलं तसे ते म्हणाले, "अवो मॅडम, चहा झाल्यावर इचारा की असलं."

"अण्णा, चहा झालाय."

"मग दुसरा सांगू."

पाच मिनिटं गेली असतील. वाळिंब्यांनी घड्याळ बघितलं. "मंडळी, बोला. यात लाजायचं काय? हा एक तांत्रिक प्रश्न आहे."

तेव्हा ऋतुजा त्यांच्याकडे वळली. नर्सला शोभेल अशा सरळ, कामाच्या आवाजात तिनं विचारलं, "साहेब, शेजार तुमच्याही घरी आहे ना? वाईला तुमच्या आई एकट्या असतात, असं तुम्हीच मघाशी म्हणालात. समजा आज दुपारी त्या खुर्चीत..."

"अहो, शुभ बोला!" वाळिंबे खुर्चीतून अर्धे उठले. "काहीतरी काय..."

आणि तिथंच थांबले.

भिंतीवरचा पडदा उजळला. उगमनं गोड आवाजात सांगितलं, "मूळ कारण निश्चित झालं आहे. धनंजय वाळिंबे, निरीक्षक. निकाल मान्य आहे का?"

हॉलमध्ये आधी एक जण हसला, मग सगळे. मीही हसले, खोटं कशाला बोलू! वाळिंबे हसले नाहीत. ते खाली बसले, चष्मा काढला आणि बराच वेळ रुमालानं पुसत राहिले. हसणं आपोआप विरलं.

"साहेब," मी विचारलं, "हा उगम बनवताना तुम्ही होतात का त्या बैठकीला?"

"होतो."

"एका माणसाचं नाव मिळालंच पाहिजे, असं तेव्हा ठरलं. सगळ्यांचं मिळून चुकलं असेल तर काय, असं कुणीच विचारलं नाही?"

"माझ्या मनात आलं होतं," ते म्हणाले. "पण मंडळाचे अध्यक्ष स्वतः समोर बसले होते. ते म्हणाले, जबाबदारी निश्चित व्हायलाच हवी. त्यांच्यासमोर कसं बोलणार?"

एवढा शिकलेला माणूस, त्याच्या सहीनं लोकांचे परवाने जातात, आणि उत्तर हे! मला ओरडायचं होतं. पण त्यांचा चेहरा बघून ओरडवेना. त्यांनी खिशातून फोन काढून उलटा टेबलावर ठेवला, पुन्हा सरळ केला. वाईला फोन करावासा वाटत असणार, हे हॉलमधल्या प्रत्येकाला दिसत होतं.

शेवटी त्यांनी पडद्यावर 'नाही' दाबलं. "कुरणे मॅडमचा परवाना चालू राहील," ते म्हणाले. "फणसळकर बाईंवरही काही नाही. उगम मी मंडळाकडे परत पाठवतोय. त्याला एकच नाव मागायला आम्ही शिकवलंय, ते आम्हालाच निस्तरायला हवं. मी तसं लिहून देतो, अध्यक्षांना काय वाटायचं ते वाटो." आणि मग आवाज खाली आणून, "पण शेजार आत्ता या क्षणी सगळ्या घरांतून चालू आहे. त्याचं काय?"

त्याचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रश्न विचारून झाला होता, नाव पुसून झालं होतं, ऋतुजा सुटली होती, आणि शेजारच्या यादीतली ती जागा तशीच रिकामी होती. ती भरल्याशिवाय ऋतुजाला वाचवून काय उपयोग, ती उद्या पुन्हा तशीच सापडणार. मंडळी उठायला लागली. कुणीतरी पंखे बंद केले. माझा संयम संपला. मी टेबलावर हात आपटून म्हणाले, "अहो, बसा सगळे! एक जण तरी बोला, एक जण!"

"ओरडू नको, केतकी," आई म्हणाली.

ती उभी राहिली होती. पदर खांद्यावरून पुढे घेऊन, पोस्टाच्या काउंटरवर उभी राहायची तशी ताठ. ती वाळिंब्यांशी बोलली नाही, माझ्याशीही नाही, ऋतुजाकडे वळली.

"लिही गं. मी मेले, तर..."

हॉलमध्ये कुणीतरी "शैलाताई!" म्हणालं. आईनं तिकडे बघितलंही नाही.

"मी मेले, तर मेले की झोपले हे त्या डब्यानं ठरवायचं नाही. त्याला कळत नाही. नाडी लागेना झाली की त्यानं मला दोनदा हाक मारायची. मी ओ दिली नाही तर आराम करतायत असलं काही सांगायचं नाही. मला कळत नाहीये, माणूस पाठवा, असं म्हणायचं. माणूस म्हणजे शिवगोंडाअण्णा. त्यांच्याकडे माझी किल्ली आहे."

शिवगोंडाअण्णांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते. "मी येतो, शैलाताई," ते म्हणाले. "आणि माझी किल्ली तुमच्याकडं राहू द्या."

"राहू दे," आई म्हणाली. ऋतुजाचा हात भराभर चालत होता. तिनं वर न बघता विचारलं, "आणि काकू, मग केतकीताईंना डब्यानं कधी कळवायचं?"

"डब्यानं नाही कळवायचं," आई म्हणाली. "अण्णांनी तुला फोन करायचा. तू तिच्यापाशी जाऊन बसायचं आणि मग सांगायचं. ती गाडी चालवत असली तर पोचेपर्यंत थांबायचं. अशीच तिरसट आहे, रागात गाडी कुठेही घालेल. आणि तिनं विचारलं, त्रास झाला का, तर नाही म्हणायचं."

"खरं काय असेल ते सांगू ना?"

आईनं थोडा विचार केला. "बरं. खरं सांग. पण आधी पाणी दे तिला."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं की मी तिरसट नाही, की मला सांगायला कुणा ऋतुजाची गरज नाही, की आई, हे काय बोलतेस. नेमकं तेच तोंडाशी आलं होतं, शुभ बोल म्हणून. ते मी गिळलं. सगळ्या हॉलसमोर, वाळिंब्यांसमोर, मी ढसाढसा रडायला लागले.

ऋतुजाचा हात थांबला.

"तू लिही गं," आई तिला म्हणाली. "तिला रडू दे."